भाच्याची बीएमडब्ल्यू आणि सहा किलोमीटरचा रस्ता

आठ वर्षं कुवेतला राबून परतलेला भाचा जुनी बीएमडब्ल्यू घेतोय. व्याज नको म्हणून सगळी रक्कम रोख. म्हणजे चूक झाली तर कुवेतची कमाईच गेली.

"मामू, 530डीच घ्यायची! सहा सिलिंडर, 620 न्यूटन मीटर टॉर्क. 530आय म्हणजे दोन लिटरचं चार सिलिंडर पेट्रोल, त्यात काय मजा?"

मजा डिझेलमध्येच आहे, कबूल. पण चिपळुणात त्याच्या घरापासून दुकान सहा किलोमीटरवर. बीएस-6 डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळायला गाडी बराच वेळ सलग, गरम इंजिनावर पळावी लागते. रोजच्या सहा किलोमीटरांत इंजिन धड तापतही नाही. फिल्टर तुंबतो, आणि खर्च मालकाच्या डोक्यावर. आठवड्याला दोनदा मुंबई करणारा असता तर मीच त्याला डिझेल घे म्हटलं असतं.

त्याला मिळतेय ती दिल्लीची, स्वस्तात. स्वस्त का, हे त्याने विचारलंच नाही. तिथे 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये कायम केली, तेव्हापासून मालक आधीच विकायला बघतात. इथे आणली की एनओसी, नवी नोंदणी, कर. महाराष्ट्रात डिझेलला कराचा दरही पेट्रोलपेक्षा जास्त.

जुम्याच्या नमाजनंतर तो पनवेलला 530आय बघायला जातोय. तोंड जरा उतरलंय. मी एवढंच बजावलंय, सर्व्हिसचे कागद आधी बघ आणि थंड इंजिन स्वतः सुरू कर.