वॉशिंग्टन म्हणजे कुठलेकर?



फलटणचा तो फलटणकर, चिपळूणचा तो चिपळूणकर, हे तुम्हांला सांगायला नको. इंग्रजांतही गावावरून पडलेली आडनावे पुष्कळ आहेत. शेवटी ‘टन’ आले की तेथे बहुधा एखादी जुनी वाडी दडलेली असते. वॉशिंग्टन हे त्यांतलेच.

उत्तर इंग्लंडात या नावाचे गाव आहे. ११८० च्या सुमारास हर्टबर्नच्या विल्यम नावाच्या जमीनदाराने आपले गाव देऊन बदल्यात हे गाव घेतले आणि त्याबरोबर आडनावही बदलले! आपल्याकडे जमिनीची अदलाबदल झाली तर उताऱ्यावर नुसता फेरफार होतो, माणूस तोच राहतो. पुढे वंशजांनी ते गाव सोडले, पण नाव सुटले नाही. त्यांतला जॉन वॉशिंग्टन १६५६-५७ च्या सुमारास अमेरिकेत गेला. त्याचा पणतू जॉर्ज १७८९ मध्ये त्या देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. जॉर्ज हाडाचा शेतकरी. पिकांची फेरपालट, खेचरांची पैदास, सगळे त्याने करून पाहिले. मात्र १७९९ साली त्याच्या मळ्यांवर तीनशेहून अधिक गुलाम राबत होते, हेही विसरता कामा नये.

आता गंमत पाहा. अमेरिकेच्या २००० सालच्या जनगणनेत सुमारे १ लाख ६३ हजार वॉशिंग्टन निघाले, आणि त्यांतले शेकडा ९० कृष्णवर्णीय! त्या सगळ्यांचे पूर्वज जॉर्जच्याच मळ्यावर होते असे नव्हे. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा अनेक कुटुंबांनी हे मोठ्या माणसाचे नाव आपण होऊन घेतले.

बुकर नावाचा पोर असाच. शाळेत हजेरी सुरू झाली. इतरांना दोन-दोन नावे, याला एकच. आपली पाळी येईपर्यंत त्याने मनाशी ठरवले आणि ‘बुकर वॉशिंग्टन’ असे सांगून मोकळा झाला. प्रात्यक्षिकाच्या हजेरीपटावर मजुराच्या नुसत्या नावापुढे रेघ ओढलेली दिसली, की मला हा मुलगा आठवतो.

याच बुकरने १८८१ मध्ये टस्कीगीची शाळा उभी केली आणि १८९६ मध्ये तेथे कार्व्हरना बोलावले. वीणा गवाणकरांच्या पुस्तकामुळे कार्व्हर तुमच्या घरचेच झाले आहेत. १९०६ मध्ये त्यांनी अवजारे नि बियाणे भरलेली गाडी शेतकऱ्यांच्या दारी नेण्याची योजना आखली. आम्हां विस्तार खात्यातल्या माणसांची वाट तिथूनच निघते, असे मी मानतो.

कार्व्हर हे आडनाव त्यांच्या मालकाचे. आणि मधले वॉशिंग्टन? गावात दुसरा एक जॉर्ज कार्व्हर होता, टपालाची अदलाबदल होई. म्हणून त्यांनी मध्ये नुसते ‘डब्ल्यू’ घातले. त्याचे वॉशिंग्टन लोकांनी केले.