झोपेची उसनवारी

लहान मुलांची झोप पुरी होत नाही, सबब शाळांच्या वेळांचा फेरविचार व्हावा, अशी सूचना तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये केली. पुढे ८ फेब्रुवारी २०२४ रोजी शालेय शिक्षण विभागाने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत, असा आदेश काढला. अडचण असलेल्या शाळांसाठी सवलतीची वाटही ठेवली. दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांच्या इमारती, बसगाड्यांच्या फेऱ्या, नोकरदार आईबापांची सकाळची धावपळ असे आक्षेप लगोलग पुढे आले. त्यांतील एकही खोटा नाही. परंतु त्या सर्वांचा एकत्रित अर्थ एवढाच निघतो की, मोठ्यांच्या व्यवस्थेत येणारी तूट मुलांच्या झोपेतून भरून काढावयाची!

हिशेब साधा आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज नऊ ते बारा तासांची झोप हवी, असे वैद्यकशास्त्र सांगते. सातच्या शाळेसाठी साडेपाचला उठणारे मूल साडेआठला झोपले तरच त्यातला किमान आकडा गाठते. नऊच्या शाळेसाठी सातला उठणाऱ्याला तोच आकडा गाठण्यास दहाची मुदत मिळते. मात्र आदेशाने दिलेला हा दीड तास घराने रात्रीच खर्च करून टाकला, तर शिल्लक शून्य. शिवाय ही तूट जांभईच्या रूपाने दिसतेच असे नाही. चिडचिड, हट्ट, वर्गातील चुळबुळ अशा वेषांत ती येते आणि झोपेच्या कर्जात बुडालेले मूल खोडकर ठरते.

नाशिकचेच उदाहरण घ्यावे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत दुसऱ्या पाळीला जाणाऱ्या कामगाराला घरी पोहोचेतो मध्यरात्र होते. बापाची भेट व्हावी म्हणून मूल जागे राहते, किंवा मायेपोटी त्याला उठविले जाते. सिडकोतील दोन खोल्यांच्या घरात 'मुलांसाठी स्वतंत्र शांत खोली' हा पुस्तकी उपदेश निरर्थक होय. पण जे शक्य आहे त्याला पैसा लागत नाही. गृहपाठ जेवणापूर्वी संपवावा. जेवण आठच्या आत व्हावे. संध्याकाळनंतर चहा देऊ नये. निजण्यापूर्वी तासभर टीव्ही आणि मोबाइल साऱ्या घराने बंद ठेवावेत, कारण पडद्याचा उजेड झोप लांबवितो आणि मोठ्यांचे हसणे-बोलणे मुलाला पडदा पाहावयास खेचतेच. दिवा मंद करून आजीने गोष्ट सांगावी. निजण्या-उठण्याची वेळ रविवारीही फारशी ढळू देऊ नये. 'झोप, नाहीतर बागुलबुवा येईल' ही धमकी तर कायमची सोडावी. भ्यालेल्या मुलाची झोपच उडते. आणि बापलेकांची भेट सकाळी व्हावी. नऊच्या शाळेने ती सवड करून दिली आहे.

तथापि, सारा भार घरावर टाकणे न्याय्य नव्हे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक वाजवू नयेत, असा ध्वनिप्रदूषणाचा नियम २००० सालापासून आहे. सणासुदीसाठी राज्य सरकार वर्षातून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. एरवी लग्नाच्या मांडवात दहानंतर वाजणारा प्रत्येक कर्णा शेजारच्या बालकाकडून उसनवारी करतो, आणि ती कधीच फेडीत नाही. हा नियम पाळला जातो की नाही, हे पाहणे पोलीस चौकीचे जितके काम आहे तितकेच मांडव घालणाऱ्या यजमानाचेही आहे.

कारखान्याची पाळी, बसची फेरी, मांडवाचा आवाज यांपैकी कशावरही सात वर्षांच्या मुलाचे मत कोणी घेत नाही. निदान त्याच्या झोपेला हात लावण्यापूर्वी मोठ्यांनी आपल्या गरजेचा हिशेब एकदा तपासावा. शाळेची घंटा सरकार पुढे ढकलू शकते. घरातला दिवा मात्र घरानेच मालवावयाचा असतो.