नाव कड्यावर, गुण काचेत: जुन्या ‘क्लोज-अप फिल्टर’ची ओळख आणि एका शहराची बदनामी

#धागा

१/ जुन्या कॅमेरा-साहित्याच्या खरेदीविक्रीत एक शेरा हमखास ऐकू येतो. नामांकित कंपनीचे नाव नसलेली क्लोज-अप काच दिसली की म्हणायचे, ‘सोडा हो, उल्हासनगरचा माल दिसतो.’ काच न तपासता दिलेला हा निकाल काचेवर अन्याय करतो आणि एका शहरावरही. दोन्ही अन्यायांचे मूळ एकच आहे. ते येथे उघड करावयाचे आहे.

२/ आरंभ नावापासून. ‘क्लोज-अप फिल्टर’ हा शब्दप्रयोगच चुकीचा आहे. फिल्टर म्हणजे गाळणी. पिवळा फिल्टर निळा प्रकाश अडवतो, लाल फिल्टर त्याहून अधिक अडवतो. क्लोज-अप काच काहीच गाळत नाही. ती साधे बहिर्गोल भिंग आहे. फिल्टरच्याच आट्यांवर बसते, म्हणून विक्रेत्यांनी तिला फिल्टरच्या डब्यात टाकले आणि ती तिथेच राहिली.

३/ तिचे खरे नाते चष्म्याशी आहे. चाळिशी लागली की जवळचे अक्षर वाचण्यासाठी आपण अधिक नंबरची काच लावतो. ही कॅमेऱ्याची चाळिशी. मापही तेच: डायॉप्टर. फ्रेंच नेत्रवैद्य फेर्दिनां मोनोये यांनी १८७२ साली हे एकक सुचवले. भिंगाचे नाभीय अंतर मीटरमध्ये घ्या आणि एकाला त्याने भागा. +१ म्हणजे १ मीटर, +२ म्हणजे ५० सेंटिमीटर, +४ म्हणजे २५.

४/ नाव चुकले तर बिघडले काय? बिघडले ते असे: ‘फिल्टर’ म्हटल्यावर गिऱ्हाईक विचारते, ‘कोणत्या कंपनीचा?’ ‘भिंग’ म्हटले असते, तर त्याने विचारले असते, ‘नंबर किती?’ पहिला प्रश्न प्रतिष्ठेचा, दुसरा ज्ञानाचा. बाजार पहिल्याच प्रश्नावर चालतो.

५/ या भिंगाचा जन्म प्रतिष्ठेच्या दालनात झालाच नव्हता. कोडॅकने ब्राउनीसारख्या बॉक्स कॅमेऱ्यांसाठी ‘पोर्ट्रेट अटॅचमेंट’ विकली, ती फोकस जुळवण्याची सोय नसलेल्या स्वस्त कॅमेऱ्याला जवळचा चेहरा टिपता यावा म्हणून. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये बनलेला आणि आपल्या घराघरांत पोहोचलेला आग्फा क्लिक ३ असाच स्थिर फोकसचा. हे गरिबाच्या कॅमेऱ्याचे साधन होते.

६/ आता ओळख पटवू. कड्यावरील आकडा वाचताना सावध असावे, कारण प्रत्येक घराण्याची भाषा वेगळी. कोडॅकच्या ‘पोर्ट्रा’ भिंगांवर १+, २+, ३+ असे सरळ डायॉप्टर असतात. (१९९८ साली आलेल्या पोर्ट्रा फिल्मशी त्यांची गल्लत करू नये.) निकॉनचा ‘नंबर १’ मात्र +१ नव्हे, +१.५ आहे. ‘नंबर २’ म्हणजे +३, आणि ‘नंबर ०’ म्हणजे +०.७.

७/ कॅननच्या ‘२५०डी’ आणि ‘५००डी’ या खुणा मिलिमीटरमधील नाभीय अंतराच्या. म्हणजे २५०डी ही +४ आणि ५००डी ही +२. येथे मोठा आकडा दुबळ्या भिंगाचा! झाइसच्या ‘प्रोक्सार’वर हेच अंतर मीटरमध्ये कोरलेले आढळते. आकडा मोठा म्हणून जास्त पैसे मोजणारा येथे फसतो, आणि त्याला कोणी लबाडाने फसवलेले नसते.

८/ आटे नसलेली, नुसत्या गोल कडेची काच मिळाली, तर ती निकामी समजू नये. ती बहुधा ‘सिरीज’ पद्धतीची असते: सिरीज ६ चा व्यास ४१.३ मिमी, सिरीज ७ चा ५०.८ मिमी. ती दोन कड्यांच्या मध्ये धरली जाते. जोडीने येणारी रोलायनार भिंगे रोलायफ्लेक्सची. एक खालच्या, चित्र घेणाऱ्या लेन्सवर आणि दुसरे वरच्या, पाहण्याच्या लेन्सवर. वरच्या काचेचा लाल ठिपका वरच्या बाजूस ठेवायचा, नाहीतर चौकट चुकते.

९/ सर्वांत मोलाचा भेद एकेरी आणि दुहेरी काचेचा. एकेरी भिंगात कडेला रंगांची झालर उमटते. दोन निराळ्या जातींच्या काचा जोडून हा रंगदोष आवरता येतो, हे इंग्लंडमधील चेस्टर मूर हॉल या वकिलाने १७३०च्या सुमारास करून पाहिले. पेटंट मात्र १७५८ साली जॉन डोलंड यांनी घेतले. पुढे तंटा न्यायालयात गेला, तेव्हा कौल मिळाला तो शोध कपाटात न ठेवता लोकांपर्यंत नेणाऱ्याच्या बाजूने. ‘अस्सल कोणाचे’ हा प्रश्न पुष्कळदा इतका गुंतागुंतीचा असतो.

१०/ हा भेद ओळखायला दिव्याची ट्यूब पुरे. काच तिरपी धरून ट्यूबची प्रतिबिंबे मोजा. एकेरी काचेत दोन ठळक प्रतिबिंबे दिसतात. चिकटवलेल्या दुहेरी काचेत त्यांच्यासोबत तिसरे, फिकट प्रतिबिंब दिसते. प्रतिबिंब पांढरे असेल तर काचेवर लेप नाही. निळे-जांभळे असेल तर लेप आहे. मात्र एवढ्यावरून वय ठरवू नये. लेपाचे पेटंट झाइसकडे १९३५ पासून असले, तरी स्वस्त काचा पुढेही बिनलेपाच्या निघत राहिल्या.

११/ नंबर पुसला गेला आहे? अंधाऱ्या खोलीत खिडकीसमोरच्या भिंतीकडे काच धरा आणि दूरच्या इमारतीची उलटी प्रतिमा भिंतीवर स्पष्ट होईपर्यंत मागेपुढे करा. काच ते भिंत हे अंतर मोजपट्टीने मोजा. ५० सेंटिमीटर भरले तर +२, साधारण ६७ भरले तर +१.५. हेही नको असेल, तर लालचक्कीच्या बाजूला जाताना एखाद्या चष्मेवाल्याकडे शिरा. त्याचे लेन्सोमीटर क्षणात नंबर सांगेल.

१२/ वरील एकाही चाचणीत कड्यावरचे नाव लागले नाही, हे ध्यानात घ्यावे. कोणी म्हणेल, नावाला काहीच अर्थ नाही काय? आहे. निकॉनची ३टी आणि ४टी ही दुहेरी भिंगे आहेत, हे नावावरून आधीच कळते. नाव ही उपयुक्त खूण आहे. पण खुणेला पुरावा मानणे ही इतिहासातही चूक आणि बाजारातही.

१३/ खुद्द ‘जपान’ या नावाचे काय झाले ते पाहा. युद्धोत्तर काळात पाश्चात्त्य ग्राहकाला ‘मेड इन जपान’ म्हणजे स्वस्त नक्कल वाटे. १९५० साली ‘लाइफ’चे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन यांनी निक्कोर लेन्स तपासल्या आणि कोरियाच्या युद्धात वापरल्या. त्या वर्षाच्या अखेरीस ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दखल घेतली आणि मत पालटू लागले. काच तीच होती. फक्त कोणीतरी ती नीट पाहिली.

१४/ आता उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली हजारो कुटुंबे राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचे शहर झाले. ‘कॅम्प’ हा शब्द आमच्या पत्त्यांत तेव्हापासूनचा. घरदार सोडून आलेल्यांनी हाताला मिळेल तो उद्योग उभारला.

१५/ ‘मेड इन यूएसए’, म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा विनोद सर्वांना पाठ आहे. नकली शिक्के येथे लागलेच नाहीत, असा दावा मी करणार नाही. पण शिक्का मागत कोण होते? वस्तू तीच असताना परदेशी नाव दिसल्यावर दुप्पट दाम मोजणारा ग्राहक कोठला होता? नावाची पूजा करणाऱ्यानेच नकलेचा बाजार उभा केला. बदनामी तेवढी बनवणाऱ्याच्या वाट्याला आली.

१६/ नीट पाहण्याचे मोल शेजारच्या अंबरनाथनेही शिकवले आहे. तेथील शिवमंदिराच्या शिलालेखातील शकवर्ष डॉ. भाऊ दाजी लाड यांनी ७८२ असे वाचले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते ९८२ असल्याचे दाखवले, म्हणजे इ.स. १०६०. एका आकड्याने मंदिर दोनशे वर्षांनी अलीकडे आले. भाऊ दाजींची योग्यता त्याने उणावत नाही. मोठे नाव आणि अचूक वाचन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच त्यातून शिकायचे.

१७/ म्हणून ड्रॉवरमधील बिननावाची काच फेकू नका. वापर सोपा आहे. फोकस अनंतावर ठेवा. ५० मिमी लेन्सवर +४ लावली की वस्तू २५ सेंटिमीटरवर स्पष्ट होते आणि ३५ मिमीच्या चौकटीत १८ × १२ सेंटिमीटरचे क्षेत्र मावते. फोकस सर्वांत जवळ आणला तर ते जवळजवळ व्हिजिटिंग कार्डाएवढे होते. छिद्र एफ/८ ते एफ/११ ठेवा, म्हणजे एकेरी काचेच्या कडाही सावरतात. दोन काचा लावायच्या तर जास्त नंबरची लेन्सला लागून. एक्स्टेन्शन ट्यूबप्रमाणे प्रकाश घटत नाही, हा नफा वेगळा.

१८/ आणि टिपायचे काय, हाही प्रश्न नाही. कॅम्पांतल्या कित्येक घरांत फाळणीनंतरच्या क्लेमची कागदपत्रे, जुनी रेशनकार्डे, बोटभर लांबीची छायाचित्रे विटत चालली आहेत. त्यांवरचा पुसट शिक्का वाचायला चार आण्याची काचही पुरते, नंबर ठाऊक असला म्हणजे झाले. त्या कागदांनी ज्या शहराची साक्ष दिली आहे, त्याचे नाव ‘नकली’ या अर्थी वापरण्यापूर्वी ते एकदा जवळून वाचावेत.