वेगाला वेसण

आमच्या शिवाजी नगरात भाच्याने परवा ड्रोन जुळविला. मोटारी चार सेलच्या बॅटरीला साजेशा; बॅटरी मात्र हौसेने सहा सेलची आणलेली! व्होल्टामागे मिनिटाला २४०० फेरे, म्हणजे भरल्या बॅटरीवर, बिनभाराचे, ४०,३२० ऐवजी ६०,४८०. मोटार जळायला कितीसा वेळ?

“मामा, थ्रॉटल हळूच देईन ना!”

पण तोल सावरताना उड्डाण-नियंत्रक एखाद्या मोटारीला आपणहून पूर्ण जोर देतो. तेथे बोटांचा संयम काय कामाचा? आणि खाली अंगणात पोरे खेळत असतात. अखेर बीटाफ्लाइटमध्ये ‘मोटर आउटपुट लिमिट’ शंभरावरून ६६ वर, म्हणजे दोन-तृतीयांशावर आणली. पहिली चाचणी पंखे काढूनच झाली. उड्डाण मोकळ्या मैदानात, ही अट त्याने कुरकुरत मान्य केली.