वेलीचं पाणी प्यायचं असेल तर आधी वेल ओळखा, मग बांध बघा



गेला महिनाभर एक व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरतोय. एक पोरगा जंगलात कोयत्यानं वेल तोडतो, कांडं तोंडावर उभं धरतो आणि घटाघटा पाणी पितो. वेलीचं नाव नाही. जंगल कुठलं तेही नाही. खाली हजारभर लोकांनी हात जोडलेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत गडावर, रानात फिरणारी पोरं हेच करून बघणार, म्हणून लिहितोय.

वेलीत पाणी असतं, हे खोटं नाही. आमच्या शाहूवाडीच्या डोंगरपट्ट्यात उक्षी भरपूर. ओढे आटले की जनावरांमागं फिरणारे गवळी धनगर तिच्यावर तहान भागवत आलेत. मनगटाएवढं जुनं खोड बघायचं. आधी हात पोचेल तिथं वर तोडायचं, मग बुडाजवळ. आधी खाली तोडलं तर पाणी वर ओढलं जातं, कारण पानं वरून सतत खेचत असतात. वेलीच्या खोडातल्या नळ्या रुंद असतात, म्हणून कांडं उभं धरलं की पाणी ओघळतं. दोन-तीन हातांच्या कांड्यातनं पेलाभर मिळालं तरी नशीब. उन्हात चढण चढणाऱ्या माणसाला तासाला लिटरभर घाम सहज येतो, तेव्हा हिशोब तुम्हीच करा. हे पाणी वाडीपर्यंत पोचायला उपयोगी आहे, ट्रेकिंगला बाटली न नेण्यासाठी नाही.

आता हे पाणी शुद्ध का म्हणतात? झाड पाणी वर चढवतं ती लाकडातली नळी बारीक चाळणीसारखी असते. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत रोहित कर्णिक यांच्या गटानं 2014 साली पाइनच्या फांदीच्या तुकड्यातनं जिवाणू असलेलं पाणी गाळून दाखवलं, जवळजवळ सगळे जिवाणू अडले. पण चाळणी जंतू अडवते. पाण्यात विरघळलेलं विष ती अडवत नाही. ते विष झाडाचं स्वतःचं असो नाहीतर आपण घातलेलं. व्हिडिओवाल्यांना हे सांगायचं सुचत नाही.

झाडाचं स्वतःचं विष म्हणजे काय ते रानात वाढलेल्याला सांगायला नको, पण आता रानात वाढलेले किती राहिलेत? निवडुंगात पाणी असतं हे सिनेमात बघून कुणी आपल्याकडच्या काटेरी शेराला कोयता लावला तर पांढरा चीक उडेल, आणि तो डोळ्यात गेला तर डोळा जायची पाळी. रुईचं तसंच. कण्हेर तर मुळापासून फुलापर्यंत विषारी. कांडवेल बघितली की वाटतं पाण्यानं भरलीय, पण कच्ची चावली तर सुरणासारखी तोंडभर खाज सुटते. म्हणून साधा नियम असा, की चीक दिसला, रंगीत रस आला, कडू लागलं, जिभेला चुणचुणलं, की थुंका आणि सोडून द्या.

या नियमालाही अपवाद आहे. उंबराला पांढरा चीक असतो, तरी उंबराच्या मुळाला रात्री मडकं बांधून पाणी काढायची रीत आपल्याकडं जुनी आहे. उष्णतेवर ते देतात. म्हणजे नियम पाठ करून भागत नाही, कुणीतरी शेजारी बसून झाड दाखवावं लागतं. उक्षीसुद्धा नुसत्या खोडावरून ओळखू नका. माघ-फाल्गुनात हिरवट फुलांचे घोस येतात, मग पाच पंखांची भिंगरीसारखी कागदी फळं लागतात. ती वेलीवर दिसली तरच म्हणा उक्षी.

रानकेळीचंही सांगतात, बुंधा कापून वाटी कोरा, पाणी साठतं. परदेशातल्या बारमाही ओल्या जंगलात होत असेल. आपल्या कड्याकपारीतली कवदर पावसाळ्यात फोफावते आणि उन्हाळ्यात वाळून जाते, जमिनीत नुसता गड्डा उरतो. तहान मे महिन्यात लागते आणि कवदर उगवते जूनमध्ये! रानातलं ज्ञान त्या-त्या रानापुरतं असतं.

आता आपण घातलेल्या विषाकडं येतो. उक्षी आता आत जंगलात कमी आणि शेताच्या कडेला, बांधावर, ओघळीला जास्त हाताशी येते. तिच्या पलीकडं ऊस. बांध साफ दिसावा म्हणून आपण ग्लायफोसेट मारतो, 2,4-डी मारतो. ही आंतरप्रवाही तणनाशकं. झाडाच्या आत फिरतात म्हणूनच तण मुळासकट मरतं. जाड खोडाची वेल फवारल्यावर लगेच वाळत नाही, बरेच दिवस हिरवीच दिसते. हुमणीसाठी आपण जमिनीतनं इमिडाक्लोप्रिड देतो, ते तर मुळातनं पाण्याबरोबरच वर चढतं. उसाच्या मुळाला जे मिळतं ते बांधावरच्या उक्षीच्या मुळालाही मिळू शकतं, ती काय सातबारा बघून मूळ सोडत नाही. त्यामुळं माझं मत सरळ आहे. शेतापासून लांब, कधी फवारणी न झालेल्या रानातली वेल सोडून दुसरीचं पाणी पिऊ नका, मग ती नक्की उक्षी असली तरी. आणि रानाला लागून असलेल्या बांधावर तणनाशक मारणं बंद करा, विळ्यानं कापा. मजूर मिळत नाही हे मला माहीत आहे, मलाही मिळत नाही. पण जनावरं राखणारी म्हातारी माणसं अजून त्या कडेनं फिरतात, आणि त्यांना आपण कधी काय मारलं ते कळत नाही.

ऐनाबद्दलही तेच. मार्च 2024 मध्ये आंध्रातल्या पापिकोंडा राष्ट्रीय उद्यानात वनखात्याच्या लोकांनी ऐनाच्या सालीला खाच दिली आणि नळासारखं पाणी उसळलं. तो व्हिडिओ देशभर गेला. माहिती तिथल्या कोंडा रेड्डी आदिवासींची होती. पण सगळ्याच ऐनात पाणी नसतं, थोड्याच झाडांच्या खोडाला तसा फुगवटा असतो, आणि तो जाणत्यालाच दिसतो. आपल्याकडं मगरीच्या पाठीसारख्या सालीचा ऐन रानोरान आहे. उद्या हौशी लोक एकेका झाडाला कोयता मारून बघत सुटले, तर पाणी राहील बाजूला आणि झाडं किडतील.

न तोडता थोडं पाणी मिळवायचं असेल तर जांभळासारख्या ओळखीच्या, न फवारलेल्या झाडाच्या उन्हातल्या पालेदार फांदीवर पारदर्शक पिशवी घट्ट बांधा. पानं जी वाफ सोडतात ती संध्याकाळपर्यंत तळाला जमते. घोट-दोन घोटच, पण झाड शाबूत राहतं.

कृषी सहायक आणि विद्यापीठातली मंडळी हे पान वाचतात, त्यांना एक विनंती. फवारलेल्या बांधावरच्या उक्षीचं पाणी प्रयोगशाळेत तपासून द्या. कांडी मी माझ्या बांधावरनं आणून देतो, कुठल्या तारखेला काय मारलं त्याची वही पण देतो.

आणि बाकीच्यांनी आपापल्या भागात पाणी देणाऱ्या वेलीला काय नाव आहे ते खाली लिहा. फोटो टाकाल तर पान, फूल, फळ सगळं दिसू द्या. नुसत्या खोडाचा फोटो मी ठेवणार नाही.