खेळ बंद करण्याआधी

संध्याकाळी सोसायटीच्या बागेतून किंवा शाळेच्या मैदानावरून मूल घरी येते, हातपाय धुते आणि रात्री अंथरुणात खाजवू लागते. पोटऱ्यांवर, हातांवर, कमरेपाशी लालसर पुरळ. आठवडाभरात ते ओसरते आणि मूल पुन्हा मैदानावर गेले की पुन्हा उठते. घरातले निदान लगेच ठरते : 'पित्त उठलंय', नाहीतर 'खाण्यात काहीतरी आलंय'. आमसुलाचे पाणी लावले जाते. अंडे, वांगे, दही बंद होते. तेवढ्यानेही भागले नाही तर खेळणे बंद होते. मुलाचे खाणे गेले, खेळ गेला. पुरळ मात्र जिथल्या तिथे.

खाण्याच्या ॲलर्जीने उठणारे पुरळ बहुधा तो पदार्थ खाल्ल्यावर दोनेक तासांतच दिसते आणि दर वेळी त्याच पदार्थाने दिसते. सोमवारी अंडे पचले आणि गुरुवारी मैदानावरून आल्यावर पुरळ उठले, तर दोष अंड्याचा नसतो. तरीही वाढत्या वयातल्या मुलाच्या ताटातून आधी काढली जातात ती प्रथिनेच.

दोन ते दहा वर्षांच्या मुलांत अशा पुरळाचे नेहमी आढळणारे कारण म्हणजे डास, पिसवा, ढेकूण यांच्या चाव्याला त्वचेने दिलेली अतिरेकी प्रतिक्रिया. त्वचारोगतज्ज्ञ तिला 'पॅप्युलर अर्टिकेरिया' म्हणतात. पालकांचा इथे हमखास प्रश्न असतो, 'डास चावले असतील तर घरात एकट्यालाच कसे?' चावतात सगळ्यांनाच. पण मोठ्यांच्या शरीराला त्या चाव्यांची सवय झालेली असते, लहानग्याच्या शरीराला ती अजून व्हायची असते. शिवाय एका जागी नवा चावा झाला की भलत्याच जागचे जुने डाग पुन्हा खाजू लागतात, फुगतात. त्यामुळे चाव्याचा संशय मागे पडतो आणि 'रक्तच बिघडलंय' हा निष्कर्ष पुढे येतो. खरे तर बहुतेक मुलांत हा त्रास काही वर्षांत आपोआप कमी होतो. तोवर खेळताना लांब बाह्यांचे कपडे, पायघोळ पॅन्ट, आणि घरात कुत्रे-मांजर असेल तर त्याच्या पिसवांचा बंदोबस्त, एवढे बरेचदा पुरते.

पण प्रत्येक पुरळ चाव्याचेच असेल असे नाही, आणि ते ओळखायला एक साधी युक्ती आहे. उठलेल्या गांधीभोवती पेनाने रेघ मारावी. खरे पित्त असेल तर ती गांध २४ तासांच्या आत तिथून नाहीशी होते, दुसरीकडे उठते. चाव्याची गाठ जागा सोडत नाही, दिवसेंदिवस राहते. मानेवर, पाठीवर बारीक पाणीदार पुटकुळ्या असतील तर घामोळे. फक्त उघड्या भागावर, उन्हात गेल्यानंतर उठत असेल तर उन्हाची ॲलर्जी. रात्री खाज वाढते आणि घरातले इतरही खाजवत आहेत, तर खरूज. तिथे मैदानाचा काहीच संबंध नसतो आणि उपचार साऱ्या घरानेच घ्यावे लागतात. पुरळ डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत बरेचदा मावळलेले असते, म्हणून मोबाइलवर काढलेला फोटो आणि खेळण्याची जागा, वेळ यांची नोंद कोणत्याही महागड्या रक्ततपासणीपेक्षा उपयोगी पडते. ओठ-डोळे सुजले, श्वास लागला, किंवा तापाबरोबर बोटाने दाबूनही न जाणारे जांभळे ठिपके आले, तर मात्र नोंदी करत न बसता थेट रुग्णालय गाठावे.

खरे नुकसान होते ते औषधांच्या दुकानात. 'खाजेचे मलम द्या' म्हटले की स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांचे मिश्रण असलेली ट्यूब हातात पडते. दोन दिवसांत लाली जाते, म्हणून ती ट्यूब घरात कायमची मुक्कामाला येते. ते पुरळ मुळात गजकर्ण असेल तर स्टिरॉइडने ते वरवर दबते आणि आतून पसरते, पुढे नेहमीच्या औषधांनाही दाद देत नाही. मुलांची त्वचा पातळ होते ते वेगळेच. केंद्र सरकारने २०१८ मध्ये १४ स्टिरॉइडांची मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीविना विकता येणार नाहीत अशा यादीत टाकली. चिठ्ठी मागणारा दुकानदार शोधावा लागतो, हे मात्र तसेच आहे.

आणि मैदानांचे काय? १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आलेले गाजर गवत आज राज्यातल्या जवळपास प्रत्येक पडीक जागेवर, शाळांच्या कुंपणालगतही आहे. त्याचा त्रास प्रामुख्याने मोठ्यांना होत असला, तरी ज्यांची त्वचा मुळातच ॲलर्जीकडे झुकलेली आहे अशा मुलांनाही तो होतो. ते फुलण्याआधी, पावसाळ्यातच उपटायला हवे, आणि ते काम पालिकेचे किंवा शाळेच्या व्यवस्थापनाचे आहे. अनेक ठिकाणी श्रमदानाच्या नावाखाली तेच गवत मुलांकडून उघड्या हातांनी उपटून घेतले जाते.