रुळांवर छत टाकण्याआधी झाडांचे वजन मोजा

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. भर उन्हात तासन् तास बसलेल्यांपैकी १४ जणांचा उष्माघाताने बळी गेला. मैदान विस्तीर्ण होते, सावली मात्र नव्हती. खारघर पनवेल महापालिकेच्या हद्दीत येते. त्यामुळे नुसती मोकळी जागा म्हणजे आरोग्याला उपयोगी जागा नव्हे, हा धडा पनवेलकरांना कोणी वेगळा शिकवायला नको. रेल्वेमार्गांवर छत टाकून त्यावर इमारती आणि उद्याने उभारण्याची चर्चा होते, तेव्हा हाच धडा आठवायला हवा.

नवी मुंबईला ही कल्पना नवी नाही. सीवूड्स-दारावे स्थानकाचे फलाट आज एका भव्य व्यापारी संकुलाच्या पोटात आहेत. सिडकोच्या सुमारे ४० एकर जागेवरील या प्रकल्पातला मॉल २०१७ मध्ये सुरू झाला. पनवेलला हार्बर मार्ग संपतो आणि दिवा, कर्जत, रोहा अशा दिशांना मार्ग फुटतात. पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग आणि विमानतळ यांमुळे इथल्या जमिनीवरचा ताण वाढतोच आहे. शिवाय जुने पनवेल आणि नवीन पनवेल यांच्यामधून रूळ जातात. त्यांवर छत पडले, तर दोन्ही बाजूंना जोडणारी चालण्याची जागा मिळू शकते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. घराजवळ सुरक्षित, सावलीची वाट असेल, तर मधुमेह किंवा रक्तदाबाच्या रुग्णाला तो रोजच्या येण्याजाण्यात साधता येतो.

पण सावली नंतर बसवता येत नाही. पनवेलच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही आणि शरीराची स्वतःला थंड करण्याची मुख्य सोय दुबळी पडते. त्यात डोक्यावरचे ऊन आणि तापलेल्या काँक्रीटची धग यांची भर पडते. झाड ऊन अडवते आणि पानांतून पाणी बाष्परूपाने सोडून भोवतालची हवाही थोडी थंड करते. मोठ्या झाडाला साधारण मीटर-दीड मीटर खोल माती लागते. पावसाने भिजलेली एक मीटर खोल माती दर चौरस मीटरला सुमारे दोन टन भरते. हा भार खांबांच्या आराखड्यात आधीच धरला नसेल, तर छतावर गवताची पट्टी, कुंड्या आणि फरश्या एवढेच उरते. नकाशावर त्यालाही ‘उद्यान’च म्हणतात.

परदेशात दोन्ही अनुभव आहेत. शिकागोत रेल्वेमार्ग आणि वाहनतळांवर मिलेनियम पार्क उभे राहिले. सुमारे २४ एकरांचे हे उद्यान २००४ मध्ये खुले झाले. टोरंटो शहराने २०१६ मध्ये रुळांवर सुमारे २१ एकरांचे उद्यान जाहीर केले. परंतु रुळांवरच्या बांधकामाचे हक्क खासगी विकासकांकडे होते. २०२१ मध्ये न्यायाधिकरणाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि उद्यान बारगळले.

म्हणून पनवेलमध्ये असा प्रस्ताव आला, तर किती मजले हा पहिला प्रश्न नसावा. उद्यानाची जागा करारात कोणाच्या नावे राहणार? मातीची खोली किती? तिथे विनाशुल्क जाता येईल का, आणि काठी टेकत येणाऱ्या वृद्धाला जिना न चढता पोहोचता येईल का? गाड्यांचा आवाज आणि कंपने वरच्या घरांत रात्री किती पोहोचतील? केंद्र सरकारची नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वे माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवतात. छतावरचे क्षेत्र त्या हिशेबात धरायचे असेल, तर त्यावर झाडे वाढली पाहिजेत.

ही उत्तरे निविदा निघण्यापूर्वी मिळायला हवीत. खांब एकदा उभे राहिले, की त्यांवर किती माती पेलेल हे ठरून गेलेले असते.